हूं म्हणायला कुणीतरी लागतं

इडमेकाकी खोलीत आली, खुर्चीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दाराशेजारच्या भिंतीला टेकून ती उकिडवी बसली, दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि बोटं एकमेकांत अडकवली.

"डोकं दुखतंय का गं त्यांचं?" नीलिमाताईंनी मला विचारलं.

मी आमच्या माडिया बोलीत विचारलं. काकी माझ्या पायांकडे बघत होती.

"बरं, विचार, कशा आहात?"

"काकी, कशी आहेस?"

"आमच्या घरी कोणी जेवलं नाही," काकी म्हणाली.

मी तसंच मराठीत सांगितलं. ताईंना वाटलं, घरात धान्य नसेल. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नाही हो, परवाच तांदूळ दिलेत."

"झोप लागते का विचार."

मी विचारलं. काकीचे हात डोक्यावरच. आवाज अगदी सपाट, आम्ही पाढे म्हणतो तसा. "आम्ही कोणाला वाट दाखवली नाही. आम्ही कोणाला ओळखत नाही. यांना नाही, त्यांनाही नाही."

ते मराठीत आणताना माझी जीभ अडखळली. नीलिमाताईंनी हातातलं पेन बंद करून पिशवीत टाकलं.

मी तेव्हा सातवीत होते. आज जे मला ओळखतात, ज्यांनी यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत घंटा वाजल्यावरही मला माइक धरून बोलत राहिलेलं पाहिलंय, त्यांना पटणार नाही, पण सातवीतली मैनी लेकामी वर्गात "हजर गुरुजी" एवढंच बोलायची, तेही गुरुजींनी दोनदा नाव घेतल्यावर. मग मला त्या खोलीत कशाला बसवलं? कारण मनाच्या दुखण्यावर बोलायला वर्ध्याहून आलेल्या ताईंना माडिया येत नव्हती आणि आईला भाषांतर येत नव्हतं. म्हणजे मराठी तिला छान येते, ती गावची आशा सेविका आहे. पण कोणी एक वाक्य बोललं की ती त्यात स्वतःची चार घालते. पहिल्याच दिवशी ताई हसून म्हणाल्या होत्या, "आशाताई, तुम्ही भाषांतर नाही करून राह्यल्या, भाषण करून राह्यल्या. तुमच्या पोरीला बसवा मधे. ती कमी बोलते."

म्हणजे कमी बोलण्याच्या गुणावर माझी निवड झाली होती.

इडमेकाकी आणि तिच्याबरोबरची घरं हिवाळ्यात नदी ओलांडून आमच्याकडे आली होती. नदीच्या पलीकडे कित्येक वर्षं बंदुका चालू होत्या, दोन्ही बाजूंच्या. आज हे येऊन विचारायचे, त्यांना जेवण कोणी दिलं. उद्या ते येऊन विचारायचे, यांना वाट कोणी दाखवली. गाव जळाल्यावर जी माणसं उरली ती चालत निघाली आणि आमच्या गावाच्या टोकाला ओढ्याकाठी झोपड्या घालून राहिली. त्यांची बोली आणि आमची माडिया म्हणजे मावसबहिणी, एखादा शब्द इकडेतिकडे.

काकीची मुलगी कोसी, दहा वर्षांची. काकी तिला हाताच्या अंतरापलीकडे जाऊ देत नसे. ओढ्यावर जायचं तर दोघी. लाकडाला जायचं तर दोघी. गुरुजी शाळेत घालायला सांगून आले तर काकीने कोसीला मागे ओढून घेतलं आणि झोपडीचं दार लावलं. पण कोसी अशी होती की कुंपणाच्या फटीतून आमची प्रार्थना बघून तिने गुरुजींची नक्कल उचलली होती. चष्मा नाकावर सरकवून "शांत बसा" म्हणायची, आणि चष्मा नसताना तो सरकवायची ते बघून हसून हसून माझं पोट दुखायचं. मला ती शाळेत हवी होती. माझ्या बाकावर, माझ्या शेजारी.

आणि त्या आठवड्यात काकीने गाठोडं बांधलं होतं. इथेही माणसं येतील, म्हणाली, आणखी आत जंगलात जायचं. आत म्हणजे जिथे ना शाळा, ना दवाखाना, ना आईची गोळ्यांची पेटी. बुधवारचा बाजार झाला की निघणार. ताईंना आईने घाईने बोलावलं ते यासाठी.

ताई काकीला म्हणाल्या, "तुम्ही जा, विश्रांती घ्या." मी सांगितलं. काकी हात डोक्यावर ठेवूनच दारातून बाहेर गेली, आणि उंबरठ्याबाहेर कोसीचा हात धरायला म्हणून तिने ते खाली घेतले.

मी कोसीला बाजूला गाठलं. काकी दोन पावलांवर उभी. "तुझी आई अशी का बसली?"

कोसीला प्रश्नच वेडगळ वाटला. "बंद खोलीत तसंच बसायचं असतं. खुर्चीवाल्यासमोर. नाहीतर मारतात." आणि तिने मलाही करून दाखवलं, कोपर कसं वर ठेवायचं, नाहीतर हात दुखतात.

मी आत जाऊन सांगितलं. आईचा चेहरा उतरला. ती खोली अंगणवाडीची. आईने ती आदल्या दिवशी घासून धुतली होती. भिंतीवरची चित्रं सरळ केली होती, सरपंचाच्या घरून हातांची खुर्ची मागून आणली होती, खिडक्या लावल्या होत्या. "पाहुणी ती. तिला काय जमिनीवर बसवू?" आई म्हणाली. "आणि आतलं बोलणं बाहेर जायला नको, म्हणून दार लावलं."

"दार लावा असं मीच सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "पुस्तकात तेच आहे, मी तेच शिकवते. इथे चालत नाही, झालं." त्या उठल्या, खुर्ची उचलून स्वतः बाहेर नेली आणि पायरीवर बसल्या. अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या ताई, पायरी पुरी त्यांचीच झाली. "मला सांगा, तुमच्याकडच्या बाया मनातलं कुठे बोलतात?"

"मोहाखाली," आई आणि मी एकदमच म्हणालो.

दिवस मोहफुलांचेच होते. पहाटेपासून फुलं टपटपतात आणि ऊन चढेपर्यंत आमच्याकडे घरी कोणी सापडत नाही. सगळ्यांची तोंडं खाली, हात जमिनीवर, कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. नवऱ्याची तक्रार, सासूची तक्रार, पोटातलं दुखणं, सगळं तिथेच निघतं. आईला अर्ध्या गावाची आजारपणं मोहाखाली कळतात.

"मग इडमेबाईंना तिथेच बोलवा."

आईने मान हलवली. "असं बोलावता येत नाही, ताई. प्रत्येक झाड कोणाचं ना कोणाचं असतं. आपल्या झाडाखाली दुसऱ्याला बोलावलं म्हणजे मजुरीला बोलावलं. तिकडे तिची स्वतःची झाडं होती. ती येणार नाही. आली तर तोंड उघडणार नाही."

"आणि तिला झाड दिलं तर?"

"झाड मी कुठून देऊ? ते भूमिया ठरवतो."

भूमिया म्हणजे गावाच्या जमिनीचा मान ज्याच्या घराण्याकडे तो. आमचे कोमटी आजोबा. त्याच संध्याकाळी गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या अंगणात माणसं जमली. आईने विषय काढला, आणि अर्थातच लांबवला. तिचं संपलं तेव्हा गिसूकाका म्हणाला, "आज झाड मागतात. उद्या शेत मागतील. आणि यांच्या मागावर कोणी आलं तर? आपण काय सांगायचं, ही आमचीच माणसं?"

खोटं नव्हतं तो बोलला ते. भीती सगळ्यांच्याच पोटात होती.

मी बायकांच्या मागे बसले होते. का उठले ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोळ्यांपुढे कोसी होती, नसलेला चष्मा सरकवणारी.

"माझं झाड द्या," मी म्हटलं.

"कोण बोललं ते?" कोमटी आजोबांना संध्याकाळचं कमी दिसतं.

"डोलूची मैनी," कोणीतरी म्हणालं. "हिला आवाज आहे होय?"

सगळे हसले. मी बसणार होते, पण बाबा पुरुषांतून माझ्याकडे बघत होते आणि त्यांनी हनुवटी किंचित वर केली. बोल, असं.

"आमच्या घरात प्रत्येक लेकराच्या नावाचं एक झाड आहे," मी म्हटलं. "माझं ओढ्याकडचं. ते इडमेकाकीला द्या."

"ते वाकडं?" गिसूकाका म्हणाला. "त्याची फुलं तर अस्वलच खाऊन जातं."

"अस्वलाला कोणी विचारलं नाही तू कुठून आलास," मी म्हटलं. "अस्वलाला चालतं, मग काकीला का नाही?"

आता हसले ते वेगळं हसले. गिसूकाकाची बायको सगळ्यांत मोठ्याने. कोमटी आजोबा तेवढे हसले नाहीत. खाली बघून जमिनीवर काठीने रेघ ओढत राहिले. मग म्हणाले, "एका वाकड्या झाडाने काय होतं? ओढ्याकडची सगळी रांग त्यांची. या हंगामाला. पुढचं पुढच्या हंगामाला बोलू." गिसूकाकाकडे वळून म्हणाले, "कोणी विचारायला आलं तर मला पुढे कर. मला ऐकूही कमी येतं."

सकाळी आजोबा स्वतः ओढ्यावर गेले, झाडांच्या बुंध्याशी तांदूळ ठेवले आणि एकेका घराचं नाव घेऊन झाड दाखवलं. वाकड्या झाडापाशी इडमेकाकीचं नाव घेतलं तेव्हा ती हात मागे बांधून उभी होती. "जोहार," एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या पहाटे आम्ही पोचलो तर झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन अशी स्वच्छ केली होती की फुलं दुरूनसुद्धा मोजता आली असती.

आम्ही म्हणजे आई, मी आणि नीलिमाताई. ताई आमच्याच घरी मुक्कामाला होत्या. आम्ही काकीला विचारलं, "तुझ्या झाडाखाली वेचायला येऊ का?" बघा, आता विचारणाऱ्या आम्ही होतो. काकीने टोपली आमच्याकडे सरकवली.

ताईंना वाकताच येत नव्हतं. बसून सरकत सरकत त्यांनी पहिली ओंजळ भरली आणि मोठ्या ऐटीत काकीच्या टोपलीत टाकली. काकीने टोपलीत बघितलं. निम्मी फुलं होती, निम्म्या शेळीच्या लेंड्या.

"हिला सांग," काकी मला म्हणाली, "लेंड्यांची दारू होत नाही."

मी ते मराठीत सांगितलं आणि ताई इतक्या हसल्या की मागे कलंडल्या. कोसी तर पोट धरून लोळली. काकी हसली नाही, पण तिने ताईंच्या पुढ्यातली जागा स्वतः पुन्हा एकदा झाडून दिली.

त्या दिवशी बस एवढंच. ताईंनी एकही प्रश्न विचारला नाही. मी घरी जाताना म्हटलं, "ताई, बुधवार उद्यावर आला. तुम्ही काही विचारतच नाही."

"विचारणारे तिला खूप भेटलेत, बाई."

"मग?"

"उद्या ती काही बोललीच तर तू भाषांतर करू नको."

"मग तुम्हाला कसं कळणार?"

"मला नाही कळलं तरी चालेल. तुझ्या आईला कळलं पाहिजे. मी वर्ध्याला जाणार, तुझी आई इथेच राहणार. गिसूची बायको राहणार. तू राहणार." मग म्हणाल्या, "माझं काम तेवढंच आहे. तुम्हाला एकमेकींजवळ बसवायचं आणि गुपचूप लेंड्या वेचायच्या."

दुसऱ्या दिवशी गिसूकाकाची बायकोही आली. फुलं भरपूर पडली होती. आई आणि काकी शेजारी शेजारी, मी समोर, ताई बाजूला, कोसी झाडाच्या पलीकडून. टोपल्या निम्म्या भरल्या. मग काकी खाली बघूनच म्हणाली, "आमच्याकडे असं झाड होतं. अंगणातच."

"हूं," आई म्हणाली.

इथे मला एक सांगायला हवं. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगायला लागलं की ऐकणाऱ्यांतल्या एकाने हूं म्हणायचं असतं. दर वाक्याला. तो हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, कारण मग तो कोणासाठी सांगतोय? गोटुलात म्हाताऱ्या माणसांना गोष्टी येतात, पण हुंकार कोण देणार यावर भांडणं होतात. फार लवकर दिला तर गोष्ट धावते, उशिरा दिला तर अडखळते. त्यात पोरींना कोणी बसवत नाही. पण मी कोमटी आजोबांच्या मागे बसून तो हजारदा ऐकलेला होता.

"त्या सकाळी लिंगाला मी पाण्याला पाठवलं," काकी म्हणाली. लिंगा कोण ते कोणी विचारलं नाही. आम्हाला तोवर कोसीच माहीत होती.

"हूं."

"कोसीपेक्षा मोठा तो. म्हटलं, भोपळ्याचा तुंबा घे आणि झऱ्यावर जा."

"हूं."

"झरा घरातून दिसत नाही. मधे टेकाड आहे."

आईचा हूं आला नाही. मी वर बघितलं. आई तोंडावर पदर दाबून बसली होती, तिचे खांदे हलत होते. सगळ्या गावाची बाळंतपणं करायला धावणारी, साप चावलेल्या माणसाला मोटरसायकलवर मधे धरून नेणारी माझी आई. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

काकीचा हात जमिनीवर थांबला. बोटांत फूल होतं. ताईंना शब्द कळत नव्हते, पण काहीतरी तुटत चाललंय हे त्यांना कळलं, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. गिसूकाकाची बायको आईकडे बघत होती. काकी आता टोपली उचलेल, मला वाटलं. उचलली की गेली. गाठोडं बांधलेलंच आहे.

"हूं," मी म्हटलं.

बारीक निघाला. काकीने मान वर केली नाही. मी पुन्हा म्हटलं, छातीतून, आजोबांच्या पाठीमागे ऐकलेला तसा. "हूं."

काकीने फूल टोपलीत टाकलं.

"घरात पाणी होतं," ती म्हणाली. "मडक्यात अर्धं होतं. मलाच ताजं हवं होतं."

"हूं."

"म्हटलं, पटकन ये."

"हूं."

माझे डोळे जमिनीवर होते आणि जमीन दिसत नव्हती. वेचत होते, हाताला लागेल ते. रडायचं नाही, मी स्वतःला सांगत होते, रडलीस तर हुंकार ओला होईल आणि तिला ऐकू येईल. एकेक वाक्य आलं की थोडं थांबायचं, तिचा श्वास परत आला की द्यायचा. तिने झऱ्यापर्यंत नेलं आम्हाला. गोळीचा पहिला आवाज कधी आला ते सांगितलं. कोसीचा हात धरून टेकाडाकडे पळाली ते सांगितलं, आणि लोक तिला उलट्या दिशेला ओढत होते ते सांगितलं.

आणि मग ती थांबली, आणि यावेळी हुंकार चुकला म्हणून नाही.

"कोसी?"

झाडापलीकडे कोसी नव्हती.

काकी उभी राहिली. टोपली लवंडली. मीही उठणार तोच ताईंचा जड हात माझ्या गुडघ्यावर पडला आणि तिथेच राहिला. त्यांनी नुसती मान हलवली.

ओढ्याचा काठ तिथे वळतो आणि वळणापलीकडची झाडं दिसत नाहीत. काकीचा चेहरा राखेसारखा झाला. तिने एक पाऊल टाकलं. मग हात तोंडाभोवती धरून हाक मारली, "कोसीऽऽ."

थोडा वेळ फक्त फुलं पडत होती.

"ओऽऽ," वळणापलीकडून आलं. "इकडे जास्त आहेत, आई. टपोरी. येतेच भरून."

आई, गिसूकाकाची बायको, ताई, मी, कोणी हललं नाही. काकी वळणाकडे बघत उभी होती. मला वाटतं ती जाणारच होती, तिचे पाय त्या बाजूला वळले होते. पण तिने बराच वेळ कान दिला. पलीकडून कोसीचं बडबडणं ऐकू येत होतं, गुरुजींच्या आवाजात, झाडांना शांत बसायला सांगत होती.

काकी खाली बसली. लवंडलेली फुलं ओंजळीने परत भरली. आणि माझ्याकडे, पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "कुठवर आले होते गं मी?"

"टेकाडापर्यंत," मी म्हटलं. "लोक तुला ओढत होते."

"हां," ती म्हणाली. "ओढत होते."

"हूं."

आणि तिने पुढचं सांगितलं. सगळं नाही. ऊन चढलं आणि फुलं पडायची थांबली तेव्हा तिचं सांगणंही थांबलं. कोसी टोपली डोक्यावर घेऊन आली, ओठ मोहाने चिकट झालेले. आईने नाक पुसलं आणि गिसूकाकाच्या बायकोला म्हणाली, "माझी पोर गं. हुंकार दिला पोरीने." आयुष्यात पहिल्यांदा आईने एवढंच बोलून सोडून दिलं. मी मात्र खाली बघत होते, कारण माझं हसू मला आवरत नव्हतं, आणि रडूही.

बाजाराच्या वाटेवर बैलगाड्यांचा आवाज सुरू झाला होता. काकीने टोपली कमरेवर घेतली, कोसीला पुढे चालायला सांगितलं आणि स्वतः मागे वळली.

"मैनी, उद्या लवकर ये," ती म्हणाली. "अजून आहे."